चार आकडी माणूस

मुरुममध्ये माणसाची पत मोजायची मापं ठरलेली आहेत. रान किती एकर, त्यातलं भिजतं किती, विठ्ठलसाई कारखान्याला ऊस किती टन गेला, पोरगा पुण्यात कुठल्या कंपनीत आहे आणि निवडणुकीत तुम्ही कोणाच्या गाडीत बसता. यातल्या एकाही मापात आमचे सर मावत नाहीत. रान तीन एकर, तेही कोरडवाहू. पोरगा पुण्यात आहे, पण त्याच्या कंपनीचं नाव सरांच्या लक्षात राहत नाही. निवडणुकीत त्यांची कायम मतदान केंद्रावर ड्यूटी असायची, त्यामुळे कोणाच्याच गाडीत बसायचा योग आला नाही. त्यांच्याजवळ आहे ती एक चार आकडी संख्या. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कचेरी असलेल्या जागतिक बुद्धिबळ महासंघानं, म्हणजे फिडेनं, ती त्यांना दिली आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला ती नव्यानं जाहीर होते. पेन्शनही त्याच सुमाराला जमा होते. सर आधी काय उघडून बघतात ते घरच्यांना विचारा.

"सोळाशे चार," असं सर नवख्या माणसाला नमस्कार करता करताच सांगून टाकायचे. एका तलाठ्यानं त्यावर "हद्द कुठली?" असं विचारलं होतं. त्याला तो गट नंबर वाटला. सरांनी त्याला तिथंच उभं करून अर्पाड एलो समजावला. एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कोण कोणाला हरवण्याची शक्यता किती, हे दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून सांगणारी पद्धत त्यांनी बसवली आणि 1970 मध्ये फिडेनं ती स्वीकारली. "विस्कॉन्सिन राज्याचे चॅम्पियनही होते, आठ वेळा. पण मूळ मास्तर," हे सर आवर्जून सांगतात. स्वतः सर आयुष्यभर गणिताचे मास्तर. तलाठी फेरफार उताऱ्याचं काम तसंच टाकून निघून गेला, असं म्हणतात. खरंखोटं कोण बघायला गेलंय, पण पुढे तो सरांना लांबूनच नमस्कार करायचा.

असा माणूस एकट्या मुरुमचा नाही. उदगीरला तो असतो, बार्शीला असतो, पंढरपूरला दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. ओळखायची खूण सोपी. पिशवीत गुंडाळी होणारा पट, जुन्या बनियनमध्ये लपेटलेलं डिजिटल घड्याळ आणि खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कधीच न वापरलेलं. त्याच्यासमोर कोणी विश्वनाथन आनंद असं पूर्ण नाव घेतलं तर तो दुखावतो. तो फक्त 'आनंद' म्हणतो, तेही शेजारच्या गल्लीत राहत असल्याच्या सुरात. नाशिकचा विदित गुजराथी त्याला 'आपला विदित' असतो. प्रवीण ठिपसे 1997 मध्ये ग्रँडमास्टर झाले ती बातमी त्याला काल आल्याइतकी ताजी असते. आणि जगातल्या प्रत्येक वस्तूला आकडा लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

आमच्या सरांच्या मनात अख्ख्या गावाची यादी आहे. उमरगा आगाराचा एक कंडक्टर 1450, कारण तो सुट्टे पैसे आठवणीनं परत देतो पण घाट चढल्यावर. गावातले डॉक्टर 1900. सरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, पुरणपोळी 2300, तूप असेल तर ग्रँडमास्टर. वहिनींना हे कौतुक आहे की अपमान, हे अजून ठरवता आलेलं नाही. 2500 म्हणजे ग्रँडमास्टरची पायरी हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट अशी की हा सोळाशे चारचा आकडा सरांनी मिळवलेला नाही. तो त्यांना झोपेत मिळाला.

2024 च्या फेब्रुवारीअखेर सर 1340 होते. जगभर खालच्या आकड्यांचे खेळाडू, त्यातही लहान मुलं, आपल्या खऱ्या ताकदीपेक्षा फार खाली अडकून पडले होते. तो गुंता सोडवायला फिडेनं 1 मार्च 2024 ला एक गोष्ट केली. रेटिंगची तळरेषा 1000 वरून 1400 वर नेली आणि 2000 च्या खालच्या प्रत्येकाला एकदाच वाढ दिली. तुमचा आकडा 2000 ला जितका कमी पडतो त्याच्या 40 टक्के. सरांना 660 कमी पडत होते, 264 मिळाले. सकाळी उठून बघतात तर 1604. वहिनी सांगतात की त्या दिवशी सरांनी दाढी दोनदा केली.

आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी त्यांनी अण्णांचा आकडा बघितला.

अण्णा म्हणजे मुरुम भागातले दुसरे रेटेड खेळाडू. बी-बियाणं, खतं, औषधं यांचं दुकान. घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि उधारी मागताना दखनी, कारण त्या भाषेत मागणी कमी लागते. अण्णा 1315 होते. त्यांना 685 कमी पडत होते, म्हणून 274 मिळाले आणि ते 1589 झाले. दोघांमधलं अंतर काल 25 होतं, आज 15. सरांना 264 फुकट मिळाल्याचं सुख राहिलं नाही. अण्णांना आपल्यापेक्षा 10 जास्त फुकट मिळाले, हे दुःख राहिलं. "जो जास्त खराब खेळतो त्याला जास्त बक्षीस! कुठल्या शाळेत असं असतं?" ते मला विचारत होते. शाळेत असंच असतं, त्याला ग्रेस मार्क म्हणतात, आणि सरांनी हयातभर तेच दिले. पण मी गप्प बसलो.

मग दोघांनीही एक शहाणपणाचा निर्णय घेतला. रेटेड स्पर्धा खेळायचीच नाही. वाढलेला आकडा मुदत ठेवीत ठेवल्यासारखा ठेवायचा, मोडायचा नाही.

रोज संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर डाव मात्र चालूच होता. तो बघण्यासारखा असतो. सर तिथं वजीर बळी देतात, मग मागून घोडा देतात आणि तीन प्याद्यांवर मात करतात. अण्णा विजेच्या वेगानं खेळतात, चुकतात, "अय्यो, परत घेतो की सर," म्हणतात आणि सर "घ्या की" म्हणतात. पटावर शह मराठीत दिला जातो, चूक कन्नडमध्ये कबूल होते आणि शिव्या दखनीत. पिग्मी एजंट, एक रिक्षावाला आणि देशी बुद्धिबळावर वाढलेले एक म्हातारे आजोबा सल्ला द्यायला असतातच. आजोबांना आधुनिक नियम मान्य नाहीत. प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं जातं हा त्यांच्या मते उतावळेपणा आहे. राजा अडचणीत आला की ते ओरडतात, "घोड्याची उडी मार की त्याला!" देशी खेळात राजाला एकदा तशी उडी मारता येत असे. आणि मात करायचीच तर प्याद्यानं करावी, वजिरानं कोणीही करतो, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते पटतं.

या ओट्यावरच सरांनी एकदा इतिहास काढला. 1828 मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्रानं बुद्धिबळाची लढत सुरू झाली आणि मद्रास जिंकलं. "आपण तेव्हा निजामाच्या मुलखात. म्हणजे आपली बाजू हैदराबादची. पराभव आपल्या रक्तात आला तो तिथून."

"आपल्याला कोणी इचारलं होतं का सर, कोणती चाल खेळू म्हणून?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण न्हाई हरलो. ते हरले."

ओट्यावरचा अण्णांचा असा एखादा बिनतोड मुद्दा सरांना दोन दिवस पुरतो.

मुदत ठेव मोडावी लागली ती एका शब्दामुळे. फिडेचा नियम असा की वर्षभर एकही रेटेड डाव नाही खेळला तर नावापुढे 'निष्क्रिय' लागतं. सर शेवटचे खेळले होते 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत. पुढची दिवाळी उलटली आणि एका एक तारखेला तो शब्द लागला. सरांनी तो वहिनींना दाखवला. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी वळून न बघता विचारलं, "ह्यासाठी तिकडं माणसं ठेवलीत व्हय? मला इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं."

म्हणून 2025 च्या मे महिन्यात सर आणि अण्णा सोलापूरच्या एका रेटेड स्पर्धेला निघाले. मला बरोबर घेतलं ते बुद्धिबळ कळतं म्हणून नव्हे. खेळण्याच्या हॉलमध्ये अंगावर मोबाईल सापडला तर डाव हरल्याचं जाहीर होतं, म्हणून दोघांचे मोबाईल सांभाळायला एक भरवशाचा माणूस हवा होता. पेरणी तोंडावर. अण्णांचा मोबाईल दर पाच मिनिटांनी वाजायचा. त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त कष्ट कोणी घेतले असतील तर ते मी. सोयाबीनचं कोणतं बी आलंय, डीएपी मिळेल का, युरियाबरोबर दुसरं काही घ्यायची सक्ती आहे का, या प्रश्नांची उत्तरं मी हॉलबाहेरच्या लिंबाखाली उभा राहून देत होतो. अण्णांची दोन-तीन गिऱ्हाइकं माझ्या सल्ल्यानं दुसऱ्या दुकानात गेली, हे त्यांना अजून माहीत नाही.

येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, इटकळ, बोरामणी. एसटीत दोघं शेजारी बसले होते. सरांनी खिडकी अण्णांना दिली. अण्णांनी तिकिटं काढली. नळदुर्गचा किल्ला दिसला तेव्हा सर म्हणाले, "अण्णा, आपण दोघं मिळून या सोलापूरकरांना दाखवू." सोलापूरकर म्हणजे कोण, ते हॉलबाहेर पोचल्यावर कळलं. सरासरी वय अकरा.

आजच्या रेटेड स्पर्धेत पन्नाशी उलटलेल्या माणसाची जी अवस्था होते ती लिहून सांगायला हवी. मंगल कार्यालय, लांबच लांब टेबलं, पांढऱ्या कापडाचे टेबलक्लॉथ, कूलरच्या वाऱ्यानं उडणारे स्कोअरशीट आणि खुर्चीत बसल्यावर ज्यांचे पाय जमिनीला पोचत नाहीत असे शंभरावर खेळाडू. त्यांच्या आया बाहेर डबे घेऊन. नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव प्रत्येकीच्या तोंडी. दोन महिन्यांनी, 28 जुलैला, दिव्यानं बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर या आयांचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. त्यातल्या एकीनं सरांना आपुलकीनं विचारलं, "तुमचा कितवीत आहे?" सर म्हणाले, "मीच खेळतो." बाई म्हणाल्या, "हो का? छान. वेळ जातो."

पहिल्या फेरीत सर जिंकले. पण समोरचा बिनरेटिंगचा होता, आणि रेटेड माणसानं बिनरेटिंगवाल्याला हरवलं तर आकड्यात काहीच पडत नाही. दुसऱ्या फेरीत लातूरची एक नऊ वर्षांची मुलगी, रेटिंग 1408. ती चाल खेळायची, उठून इतरांचे पट बघून यायची, पाण्याची बाटली भरून आणायची आणि परत येऊन बघायची तर सर अजून विचारच करत असायचे. पंचविसाव्या चालीला सरांचा वजीर अडकला. डाव संपल्यावर तिनं हात मिळवला आणि गंभीरपणे विचारलं, "काका, तुम्ही कोणत्या क्लासला जाता?"

हार सरांनी सोसली. हिशोब सोसला नाही. दोघांत 196 चा फरक, म्हणजे सरांकडून डावागणिक 0.75 गुणांची अपेक्षा. मोठ्या माणसाला गुणक 20, त्यामुळे सरांचे 15 गेले. पण अठराच्या आतल्या मुलांना गुणक 40, म्हणून तिला 30 मिळाले. "माझे 15 गेले आणि तिला 30 आले. मधले 15 कुठून आले?" सर लिंबाखाली येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, "सर, मुलं वाढीला लागलेली असतात, त्यांची ताकद लवकर बदलते, म्हणून—" "मी गणित शिकवलंय," सर म्हणाले. त्यांचा राग खरा होता. जमा आणि नावे जुळत नाही अशी वही त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

चार फेऱ्या झाल्या. सर दोन गुणांवर, अण्णाही दोनवर. स्विस पद्धतीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात. संगणकाला येणेगूरचा फाटा माहीत नसतो, एका डब्यातले धपाटे माहीत नसतात. रात्री पाचव्या फेरीची पेअरिंग लागली. बोर्ड नंबर 61. पांढरे मोहरे सरांचे, काळे अण्णांचे.

आम्ही तिघं लॉजच्या एकाच खोलीत होतो.

जेवताना कोणी काही बोललं नाही. वहिनींनी चार दिवस टिकतील असे धपाटे आणि शेंगाची चटणी दिली होती. अण्णांनी एकच धपाटा घेतला. सर म्हणाले, "घ्या की." अण्णा म्हणाले, "बास सर." इतक्या वर्षांत अण्णांनी सरांच्या घरचं काही 'बास' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. साडेनऊला सर मोबाईल घेऊन न्हाणीघरात गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. आतून एक इंग्रजी व्हिडिओ बारीक आवाजात चालू होता. अण्णा डोक्यावरून चादर घेऊन झोपले होते, पण चादरीच्या आतून निळा उजेड येत होता. मला प्रश्न पडला तो एवढाच की यांना तयारी कशाची करायची होती. अण्णांची प्रत्येक सवय, प्रत्येक लालूच, प्रत्येक चूक सरांना पाठ होती, सरांची अण्णांना. जगज्जेतेपदाच्या लढतीतही दोघांना एकमेकांची एवढी माहिती नसते.

सकाळी अण्णा पायी गेले. सर रिक्षानं गेले.

डावाचं जे सांगतो ते हॉलच्या खिडकीच्या जाळीतून बघितलेलं आणि नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलेलं आहे. ज्या माणसानं ओट्यावर राजाच्या पुढचं प्यादं दोन घरं ढकलल्याशिवाय डाव सुरू केला नाही, त्यानं वजिराचं प्यादं पुढं केलं आणि उंट एफ-4 वर आणून ठेवला. लंडन सिस्टिम. न्हाणीघरातल्या व्हिडिओनं सांगितलं होतं की यात माणूस सहसा हरत नाही. अण्णांनी उंट जी-7 वर नेला, किल्लेकोट केला आणि हाताची घडी घालून बसले. विजेच्या वेगानं खेळणारे अण्णा तिसऱ्या चालीला अकरा मिनिटं बसले होते. दोघांनाही समोरचा माणूस ओळखू येत नव्हता. ते एकमेकांकडे बघतही नव्हते. समोरच्या टेबलावर आकड्यांच्या पाट्या होत्या, 1604 आणि 1589, तिकडे बघत होते.

बाराव्या चालीला अण्णांनी हात वर केला. आर्बिटर आला, विशीतला पोरगा. तक्रार अशी की सर चाल आधी कागदावर लिहितात आणि मग खेळतात. नियमानं आधी खेळायचं, मग लिहायचं. मास्तरांची सवय, आधी कच्चं मग पक्कं. पोरानं अदबीनं समज दिली. सरांचा चेहरा मी जाळीतून पाहिला. खऱ्या शत्रूनं केलेली तक्रार एवढी लागत नाही. दहा मिनिटांनी सरांनी हात वर केला. अण्णा हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटतात, त्यानं लक्ष विचलित होतं. आर्बिटरनं अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, ते शिवाचं नाव घेत होते. आर्बिटरनं देवाचं नाव मनात घ्यायला सांगितलं.

मधला खेळ सांगण्यासारखा नाही. दोघांनी सगळे मोहरे धडाधड मारामारीत काढून टाकले. पटावर मोहरे जितके कमी तितकी भीती कमी, असा दोघांचा हिशोब. तीन तास उलटले तेव्हा उरलं होतं ते एवढं: सरांचा राजा जी-6 वर, हत्ती बी-1 वर आणि एक प्यादं एच-5 वर. अण्णांचा राजा जी-8 वर, बाकी फक्त एक हत्ती. अण्णांनी आतापर्यंत मागून शह देत देत चिवट बचाव केला होता. आणि इथं त्यांनी हत्ती सी-2 वर ठेवला. शह न देता.

हात सुटला त्याच क्षणी त्यांना कळलं. हे ओट्यावर झालं असतं तर "अय्यो, परत घेतो की सर" आणि "घ्या की" झालं असतं. इथं हात लागला की खेळायचं आणि सुटला की संपलं. मग अण्णांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर खेळी केली. कंपनीच्या प्रतिनिधीशीही इंग्रजी न बोलणारे अण्णा ताठ बसले, सरांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "सर, आय ऑफर ड्रॉ." मग घड्याळ दाबलं. क्रम अगदी नियमाप्रमाणे: चाल, प्रस्ताव, घड्याळ.

सरांनी डोक्याला हात लावला. अर्धा तास ते विचार करत होते. बघणाऱ्याला वाटलं असेल की प्याद्याचा वजीर कसा करायचा ते शोधताहेत. प्रत्यक्षात ते तोंडी हिशोब करत होते. फरक 15 चा, म्हणजे अपेक्षा 0.52. जिंकलो तर अधिक 9.6. हरलो तर उणे 10.4. बरोबरी झाली तर उणे 0.4. आधीच 15 गेलेले. हत्ती-प्याद्याचा शेवट, असे डाव बरोबरीत सुटतात हे पुस्तकात वाचलेलं. 9.6 मिळवायला 10.4 पणाला लावायचे? हिशोब बिनचूक होता. एवढा बिनचूक हिशोब त्या हॉलमध्ये दुसरं कोणी करत नसेल. सरांनी हात पुढे केला.

सह्या झाल्या, दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवले गेले. तेवढ्यात लातूरची ती मुलगी आली. तिचा डाव कधीच संपला होता आणि फ्रुटीची नळी तोंडात होती. "काका, हत्ती बी-8 का नाही खेळलात?"

"का?"

"शह. यांनी हत्ती सी-8 वर मध्ये घातला तर तो मारायचा. मात." नळीतून शेवटचा घोट घ्यायचा आवाज झाला. "दोन चालींत."

सर पटाकडे बघत राहिले. मोहरे नव्हतेच, पण ते बघत राहिले. मग अण्णांना विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं म्हणून तर मागितला की ओ," अण्णा म्हणाले.

पुढच्या चार फेऱ्या सर काय खेळले ते त्यांनाही सांगता येत नाही. परतीच्या एसटीत दोघं शेजारीच बसले, कारण दुसरी जागा नव्हती. तांदुळवाडीपर्यंत कोणी बोललं नाही. मग अण्णांनी समजूत काढायला सुरुवात केली. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. डिंग लिरेन बरोबरीत असलेल्या डावात हत्ती एफ-2 वर घेऊन गेला आणि अठरा वर्षांचा गुकेश 7.5-6.5 नं जगज्जेता झाला. "डिंगला जर दिसत न्हाई, तर आपल्याला कुठून दिसणार सर?"

"डिंगचा हत्ती चुकला," सर म्हणाले. "माझा हललाच नाही."

माझं मत विचाराल तर ओट्यावर सर 1800 चे आहेत आणि हॉलमध्ये 1300 चे. ओट्यावर ते पट बघतात, हॉलमध्ये पाटी बघतात. अण्णांचंही थोड्याफार फरकानं तेच, फक्त अण्णांना दुकान असल्यामुळे रोज दुसरे आकडेही बघावे लागतात आणि त्यानं माणूस जरा जमिनीवर राहतो. हे मी सरांना बोललो नाही. त्यांनी लगेच विचारलं असतं की 1800 कोणत्या सूत्रानं काढलेस.

1 जूनला नवी यादी आली. 'निष्क्रिय' हा शब्द निघाला होता. सगळ्या फेऱ्या धरून सरांचे 23 गेले होते आणि अण्णांना 3 मिळाले होते. सर 1581, अण्णा 1592. हत्ती बी-8 वर गेला असता तर सरांचे 10 वाढले असते आणि अण्णांचे 10 उतरले असते, म्हणजे सर 1591 आणि अण्णा 1582. वहिनी सांगतात, हे गणित सरांनी आधीच्या मतदानाच्या जुन्या अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूला सात वेळा मांडलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं.